परभणीचा कूलर, पुण्याचा मोबाइल: स्मार्ट स्विच सारखा 'ऑफलाइन' का होतो आणि त्यावर काय करायचं

दर उन्हाळ्यात ही तक्रार ठरलेली. मुलगा पुण्याला नोकरीत, आई-बाबा परभणीला नाहीतर उदगीरला. म्हाताऱ्या माणसांना सारखी उठबस नको म्हणून मार्चमध्ये कूलरला आणि स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टला वायफायवाला स्मार्ट स्विच बसवला. काही दिवस छान चालला. मग एका दुपारी लाईट गेली, आली, आणि ॲपमध्ये करड्या अक्षरांत 'ऑफलाइन'. फोन करून घरच्यांकडून रीसेट करवून घेतला की दोन दिवस बरा, पुन्हा तेच. शेवटी स्विचला शिव्या घालून नवा आणायचा. मे संपेपर्यंत नव्याचंही तेच होतं.

स्विच बदलायची गरज क्वचितच असते. 'ऑफलाइन' या एका शब्दाखाली चार-पाच निरनिराळे घोटाळे लपतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. रीसेट केला की स्विचमधलं वायफायचं नाव, वेळापत्रक सगळं पुसलं जातं. म्हणजे घोटाळा तसाच राहतो, वर नव्याने जोडणी करायचं काम वाढतं. म्हणून रीसेट सगळ्यात शेवटी.

लाईट गेलीय की इंटरनेट?

आपल्याकडे बहुतेक घरांत इन्व्हर्टर असतो आणि त्यावर दिवे, पंखे, टीव्ही. कूलर मात्र मेन लाईनवर, कारण दीड-दोनशे वॅटची मोटर रात्रभर ओढली तर बॅटरी पहाटेच मान टाकते. साहजिकच कूलरचा स्मार्ट स्विचही मेन लाईनवर. लाईट गेली की तो बंद पडतो आणि ॲप त्याला 'ऑफलाइन' म्हणतं. ॲप खरं तेच सांगत असतं. पुण्यात बसलेल्याला मात्र तो बिघाड वाटतो.

हे लांबून ओळखायला एक स्वस्त उपाय आहे आणि माझ्या मते हा सगळ्यांनी आधी करावा. एक साधा स्मार्ट प्लग घ्या आणि इन्व्हर्टरच्या लाईनवरच्या सॉकेटला लावून ठेवा. राउटरही त्याच लाईनवर हवा. त्याला काही जोडायची गरज नाही, फार तर देवघरातला दिवा जोडा. आता ॲपमध्ये दोन नावं दिसतील. इन्व्हर्टरवाला जागा आणि कूलरवाला ऑफलाइन असेल तर घरी लाईट नाही, किंवा कूलरची एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप खाली पडणारं बटन) पडलेली आहे. दोन्ही ऑफलाइन असतील तर राउटर नाहीतर इंटरनेट. दोन्ही ऑनलाइन आणि तरी कूलर गप्प, तर दोष स्विचच्या पुढे आहे, मोटरकडे.

पहिल्या प्रकारात घरी फोन करून एवढंच विचारा: समोरच्या ओळीत लाईट आहे का? तिकडे आहे, आपल्याकडे नाही आणि एमसीबी वर आहे, म्हणजे डीपीवर (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर) आपल्या फेजचा फ्यूज उडालेला असण्याची शक्यता जास्त. लाईनमनला फोन लावा. अशा वेळी स्विच रीसेट करणं म्हणजे रिकाम्या हंड्याला कल्हई.

राउटर इन्व्हर्टरवर असला तरी

"आमचा राउटर इन्व्हर्टरवरच आहे" असं सांगणाऱ्यांना दोन प्रश्न. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्ही इन्व्हर्टरवर आहेत का? अनेकदा राउटर बैठकीत इन्व्हर्टरवर आणि फायबरचा डबा जिन्याखाली, मेन लाईनच्या सॉकेटला. दुसरा प्रश्न, लाईट जाताना राउटरचे दिवे एकदा विझून पुन्हा लागतात का? इन्व्हर्टरला मेनवरून बॅटरीवर यायला थोडा वेळ लागतो. पंखा आणि दिव्याला तो जाणवत नाही, राउटर मात्र तेवढ्यात बंद पडून पहिल्यापासून सुरू होतो. इन्व्हर्टरच्या मागे 'यूपीएस मोड'चं बटन असेल तर ते त्या बाजूला करा, मग बदल लवकर होतो. नसेल तर राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावा. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९, ते वाचा.

लाईट आल्यावर काय होतं तेही समजून घ्या. स्मार्ट स्विच काही सेकंदांत जागा होतो, राउटरला पूर्ण उठायला दोन-तीन मिनिटं लागतात. स्विच वायफाय शोधतो, सापडत नाही. चांगले स्विच शोधत राहतात. काही स्वस्त स्विच थोडा वेळ प्रयत्न करून अडकून बसतात. मग त्यांना एकदा मेनवरून बंद-चालू केलं की ते सुतासारखे सरळ येतात, आणि लोकांना वाटतं रीसेटमुळे झालं. राउटर बंद पडू दिला नाही तर हा प्रकार थांबतो.

राउटर चालू आहे, घरात मोबाइलला वायफायही दाखवतंय, पण व्हॉट्सॲप जात नाही, असं असेल तर गल्लीतल्या केबलवाल्याच्या मशीनची लाईट गेलेली असते. त्यावर आपल्या हातात काही नाही. पण ॲपमधलं वेळापत्रक स्विचच्या आतच साठवलं जात असेल तर इंटरनेट नसतानाही कूलर वेळेवर सुरू होतो. ते तसं साठवलं जातं का, हे राउटरची इंटरनेटची वायर काढून एकदा तपासून घ्या.

वायफायच्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात. बहुतेक स्मार्ट स्विच फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरने २.४ आणि ५ चं एकच नाव ठेवलं असेल तर दोन वेगळी नावं करा. सुरक्षा डब्ल्यूपीए-३ वर असेल तर डब्ल्यूपीए-२ वर आणा. चॅनल 'ऑटो'वर ठेवू नका, १, ६ किंवा ११ पैकी एक ठरवून टाका. राउटर दर वेळी नवा आयपी पत्ता देत असेल तर स्विचसाठी एकच पत्ता राखून ठेवा.

भिंतींचं मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं. जुन्या माळवदी घरात पांढऱ्या मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती असतात. आतला गारवा त्यांच्यामुळेच टिकतो, पण वायफायचा जीवही त्यांच्यातच जातो. राउटर पुढच्या बैठकीत आणि कूलर मागच्या खिडकीत, मधे अशा दोन भिंती, वर कूलरचा पत्र्याचा डबा आणि स्विच लोखंडी बॉक्सात बसवलेला. बहुतेक ॲपमध्ये स्विचच्या माहितीत सिग्नलचा आकडा दिसतो. तो उणे ६५ च्या आत असेल तर ठीक, उणे ७५ च्या पलीकडे गेला तर रोज काहीतरी होणारच. घरात पडून असलेला जुना राउटर मधल्या खोलीत ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायफाय पुढे पसरवायला, लावला तर नवा खर्च नाही.

बंद करताना गायब होतो

आता खरी गंमत. कूलर चालू असेपर्यंत स्विच ऑनलाइन. मोबाइलवरून कूलर बंद केला की स्विच दहा-पंधरा सेकंद गायब होतो आणि मग परत येतो. कधी तर परत येताना कूलर पुन्हा चालू करूनच येतो. काही घरांत एक्झॉस्टचं साधं बटन दाबलं तरी शेजारचा कूलरचा स्विच गायब.

याचं कारण मोटरमध्ये आहे. स्विचवर १० किंवा १६ अँपिअर छापलेलं असतं, तो आकडा गिझर किंवा इस्त्रीसारख्या साध्या लोडसाठी असतो. कूलरची मोटर चालताना एक अँपिअरच्या आसपासच घेते, पण सुरू होताना त्याच्या कित्येक पट ओढते. बंद करताना वाइंडिंगमध्ये, म्हणजे मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यात, साठलेली ऊर्जा जायला जागा शोधते आणि रिलेच्या, म्हणजे स्मार्ट स्विचमधल्या विजेवर चालणाऱ्या खटक्याच्या, दोन पत्र्यांमध्ये ठिणगी पाडते. त्याच डबीत ३.३ व्होल्टवर चालणारी वायफायची चिप असते. ठिणगीच्या धक्क्याने ती भांबावते आणि नव्याने सुरू होते. नव्याने सुरू होताना 'लाईट आल्यावर चालू' अशी सेटिंग असेल, तर कूलरही चालू.

उपाय म्हणजे स्नबर, ठिणगीची ऊर्जा शोषून घेणारी छोटी जोडणी. १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा 'एक्स-टू' वर्गाचा कपॅसिटर एकापुढे एक. तयार जोडणीही मिळते, किंमत किरकोळ. तो मोटरच्या फेज आणि न्यूट्रलमध्ये जोडायचा. काही जण रिलेच्या दोन टोकांत जोडतात. तसा जोडला तर स्विच बंद असतानाही त्यातून सातेक मिलिअँपिअर करंट झिरपत राहतो, मोटरच्या वायरीवर टेस्टर पेटतो, आणि पत्र्याच्या कूलरला हात लावणाऱ्याला चिमटा बसू शकतो. तेव्हा मोटरच्या बाजूला, आणि हे काम वायरमनकडूनच.

याच ठिणग्यांचा पुढचा टप्पा म्हणजे रिले चिकटणं. ॲपमध्ये 'बंद' दिसतं, घरी कूलर चालूच. स्विचला टिचकी मारली की सुटतो, आणि लोक तसंच चालवतात. चिकटलेला रिले पुन्हा चिकटतो. तो स्विच काढून टाका, तिथे टिचक्या मारून उपयोग नाही. मंगल कार्यालयात किंवा वसतिगृहात डक्टचा मोठा कूलर असेल, पाऊण-एक एचपीचा, तर स्मार्ट स्विचने थेट मोटर चालवूच नये. मधे कॉन्टॅक्टर (मोठ्या लोडसाठीचा दणकट रिले) घाला आणि स्मार्ट स्विचला फक्त त्याची कॉइल ओढू द्या.

"आवाज येतोय रे, वारं नाही येत"

ॲप जे 'चालू' दाखवतं ते रिलेचं. पातं फिरतंय की नाही हे त्याला माहीत नसतं. दुपारी चारला पुण्याहून बटन दाबलं, ॲप हिरवं झालं, आणि आईला फोन केला तर ती म्हणते, "आवाज येतोय रे, वारं नाही येत." तो गुंऽऽ आवाज ऐकून बोलत बसू नका, आधी कूलर बंद करा. अडकलेली मोटर नेहमीपेक्षा बराच जास्त करंट घेते आणि स्वस्त मोटरचं वाइंडिंग थोड्या वेळात जळतं.

कारणं दोन-तीनच. पहिलं व्होल्टेज. मे महिन्यातल्या दुपारी, त्यातही लाईट नुकतीच आल्यावर, सगळ्या गल्लीचे कूलर आणि पाण्याच्या मोटारी एकदम ओढायला लागतात. २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळाले तर मोटरचा जोर जवळपास ६० टक्क्यांवर येतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. स्मार्ट स्विचवर मात्र बहुधा '१०० ते २४० व्होल्ट' छापलेलं असतं, त्याला काही फरक पडत नाही. म्हणून स्विच खुशाल 'चालू' आणि पातं जागच्या जागी. यासाठी ॲपमध्ये 'लाईट आल्यावर स्थिती' नावाची सेटिंग शोधा. ती 'बंद' ठेवा. 'शेवटची स्थिती' हा पर्याय सोयीचा वाटतो, पण लाईट दहा मिनिटांत तीनदा ये-जा करते तेव्हा मोटर प्रत्येक वेळी त्या पडक्या व्होल्टेजवर सुरू व्हायला बघते. 'बंद' ठेवून नंतर हाताने किंवा वेळापत्रकाने चालू करणं मोटरच्या तब्येतीला बरं.

दुसरं कारण कंडेन्सर, म्हणजे मोटरला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर. व्होल्टेज ठीक असूनही गुणगुणतोय, तर मेन बंद करून पातं हाताने फिरवून बघायला सांगा. मोकळं फिरलं तर कंडेन्सर गेलेला असण्याची शक्यता जास्त. नवा घेताना जुन्यावर जितके मायक्रोफॅरड छापलेत तितकाच घ्या, 'थोडा मोठा टाका म्हणजे जोरात फिरेल' असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. पातं जड फिरलं तर बुश नाहीतर बेअरिंग. बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार आणि वाऱ्याबरोबर आलेली धूळ मिळून शाफ्टवर सिमेंटसारखा थर बसतो. तो खरवडून तेल दिलं की पुष्कळदा काम होतं.

नवा स्विच घ्यायचाच असेल तर वॅट दाखवणारा घ्या. कूलर नीट चालतोय तेव्हाचा आकडा लिहून ठेवा, समजा १७०. मग लांबूनही कळतं: आकडा बराच वर चढला तर मोटर अडकलीय, शून्य असेल तर वायर, कूलरवरचं बटन किंवा वाइंडिंग तुटलंय. पुण्यात बसून मोटर बघायचा याहून सोपा मार्ग नाही.

तीन वेगांचा घोळ

चार बटनांचा स्मार्ट स्विच आणून हौशी वायरमन एकाला 'हाय', दुसऱ्याला 'लो', तिसऱ्याला पंप असं जोडतात. दिसायला झकास. पण हाय आणि लो ही एकाच वाइंडिंगची दोन टोकं असतात. मोबाइलवरून चुकून दोन्ही चालू झाली की वाइंडिंगच्या त्या तुकड्यात दोन्हीकडून फेज येतो, मोटर तापते आणि जळते. कूलरवरच्या फिरत्या बटनात हे होऊच शकत नाही, ते एका वेळी एकच टोक जोडतं. म्हणून फिरतं बटन काढू नका. ते हव्या त्या वेगावर ठेवा आणि त्याच्या आधी एकच स्मार्ट रिले बसवा. वेग मोबाइलवरूनच बदलायचा असेल तर 'इंटरलॉक'ची सोय असलेला स्विच हवा, ज्यात एक चालू होताना दुसरा आधी बंद होतो. पंख्याचा डिमर कूलरच्या मोटरला लावायच्या फंदात पडू नका, आणि स्मार्ट डिमर तर नकोच.

टच पॅनल आणि रिमोटवाल्या कूलरला स्मार्ट प्लग लावून उपयोग होत नाही. लाईट आली तरी तो कूलर स्टँडबायवरच राहतो, रिमोट दाबेपर्यंत. त्याला रिमोटची नक्कल करणारा आयआर ब्लास्टर लागतो. तो फक्त हुकूम सोडतो, कूलरने ऐकला की नाही हे त्याला कळत नाही. सोबत वॅट दाखवणारा प्लग असेल तर ती उणीव भरून निघते.

बंद घरात कूलर

गावाहून निघताना मोबाइलवरून कूलर लावून ठेवायचा, म्हणजे पोचेपर्यंत घर गार. कल्पना चांगली, पण कुलूप लावताना खिडक्या बंद केलेल्या असतात. कूलर बाहेरची कोरडी हवा ओली करून आत ढकलतो. जुनी हवा बाहेर जायला वाट नसेल तर तीच दमट हवा आत कोंडते, भिंती घामेजतात आणि गारवा येत नाही. यासाठी एक्झॉस्टला दुसरा स्मार्ट स्विच बसवा आणि ॲपमध्ये दोघांची गाठ बांधा: कूलर चालू झाला की एक्झॉस्ट चालू. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर मात्र आधी हवा आत यायची वाट मोकळी असल्याची खात्री करा. बंद घरातला एक्झॉस्ट गिझरचा विषारी धूर उलटा आत ओढू शकतो.

पंपाला वेगळा रिले देणं फायद्याचं. टाकी कोरडी पडली की छोटा पंप जळतो आणि लांबून ते दिसत नाही. शिवाय पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या भागात रिकाम्या घरात तासनतास कूलर चालू ठेवायचा असेल तर निदान पंपाला वेळेची मर्यादा घाला.

पाणी भरताना

एक गोष्ट सेटिंगने सुटत नाही. घरी आई पत्र्याच्या कूलरमध्ये बादलीने पाणी ओततेय, पाय ओले, आणि त्याच क्षणी पुण्यातून कोणीतरी बटन दाबतं. स्मार्ट रिले फक्त एकच वायर तोडतो. प्लग दोन पिनचा असेल किंवा सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील, तर ॲपमध्ये 'बंद' असतानाही मोटरपर्यंत फेज पोचलेला असतो. म्हणून तीन पिनचाच प्लग, अर्थिंग तपासलेली, आणि त्या लाईनवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाईन तोडणारा स्विच. कूलरजवळ हाताला येईल असं दोन्ही वायरी तोडणारं बटन हवं आणि पाणी भरण्याआधी ते खाली करायची सवय. ते खाली असताना ॲपमध्ये स्विच ऑफलाइन दिसणारच, दिसू द्या.

पाऊस लागल्यावर

जूनच्या शेवटी हवेत ओल आली की कूलरचं पाणी गारवा देत नाही, नुसता चिकचिकाट वाढवतं. तेव्हा पंपाचा रिले ॲपमधून बंद करून टाका आणि पंखा तेवढा ठेवा, खोलीतली कोंदट हवा हलवायला तो पुरतो. उन्हाळ्यातही वेळापत्रक लावताना पंप पंख्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होईल असं ठेवा. पॅड वाळतात आणि सकाळी कुबट वास येत नाही. टाकीत साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासायला सांगा. हे काम मोबाइलवरून होत नाही, त्यासाठी घरी फोनच करावा लागतो.